सर्वप्रथम काय करावे

परीक्षार्थीचे वय एकतीस, अनुभव आठ वर्षे, अपत्य एक, उत्तीर्ण होण्याची शक्यता विचाराधीन.

आठ वर्षांत तिने अकरा प्रकल्प वेळेवर पूर्ण केले होते. त्यातला एक तर सातवा महिना चालू असताना, पाठीशी उशी लावून. परंतु कार्यालयाचे परिपत्रक निघाले की येत्या एक तारखेपासून टीमचे नेतृत्व केवळ प्रमाणपत्रधारकांकडे राहील. प्रमाणपत्र अ‍ॅजाइल पद्धतीचे हवे होते, म्हणजे काम लहान लहान तुकड्यांत, रोज एकमेकांशी बोलून, चपळाईने करण्याच्या पद्धतीचे. ते नसल्यास तिची सहा जणांची टीम शेजारच्या विभागातील टायवाल्यांकडे जाणार होती. टायवाल्यांच्या नावावर पूर्ण झालेला एकही प्रकल्प नव्हता, मात्र परीक्षा ते पहिल्याच फटक्यात उत्तीर्ण झाले होते. अनुभव आड आला नव्हता.

"ते तुझ्या टीमला शिकवणार काय?" नवऱ्याने विचारले.

"टाय बांधायला," ती म्हणाली आणि पुस्तक उघडले.

अभ्यासाची वेळ ठरलेली होती. वॉशिंग मशीन चालू होऊन थांबेपर्यंत, म्हणजे बेचाळीस मिनिटे. त्यातली पंधरा मिनिटे तिच्या साडेचार वर्षांच्या मुलीची, गुंडीची. गुंडी मांडीवर येऊन बसे, पुस्तकातल्या बाणांना डोळे काढी, आणि तिच्या केसांना येणाऱ्या साबणाच्या वासात परीक्षार्थीचे पानच्या पान विरघळून जाई. त्या पानांवरचे प्रश्न ती पुढे कायम चुकत आली. त्याबद्दल तिला खेद नव्हता.

खेद बाकीच्यांचा होता. सराव परीक्षेतला प्रश्न असा: प्रकल्प दोन आठवडे मागे पडला आहे, ग्राहक संतापला आहे. प्रकल्प व्यवस्थापकाने सर्वप्रथम काय करावे? अ, चूक शोधून दुरुस्त करावी. ब, ग्राहकाची माफी मागावी. क, टीमसोबत बसून अडथळ्याचे स्वरूप समजून घ्यावे. ड, वरिष्ठांना कळवावे.

तिने 'अ' लिहिले. तिने दर वेळी 'अ'च लिहिले. शंभरात एकेचाळीस पडले. त्याच पेपरच्या दुसऱ्या प्रतीवर गुंडीने खडूने सगळीकडे 'क' काढला होता, कारण तिला तेवढाच येत होता. गुंडीला अठ्ठावन्न.

ऑनलाइन शिकवणीच्या प्रशिक्षकांनी दोन्ही पेपर पाहिले.

"हा दुसरा कुणाचा? समज चांगली आहे."

"मुलीचा. आणि माझं काय चुकतंय, सर?"

"तुम्ही काम करता, मॅडम. काही बिघडलं की उठता आणि करून टाकता. तिथंच मार्क जातात."

"पण कुणीच उठलं नाही तर प्रकल्प पूर्ण कसा होणार?"

"तो भाग अभ्यासक्रमात नाही," प्रशिक्षक समजुतीने म्हणाले. "असं करा, घरी सराव करा. घर म्हणजे प्रकल्पच. हात मागे बांधायचे आणि टीमला सक्षम करायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता स्वयंपाकघरात पहिली उभ्याने घ्यायची बैठक भरली. उभ्याने अशासाठी, की पाय दुखून बैठक लवकर संपावी. सासूबाईंचे गुडघे आधीपासूनच दुखत असल्याने त्यांना स्टूल मंजूर करण्यात आले. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या होत्या: काल काय केले, आज काय करणार, अडचण काय.

"काल काय केलं?" सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या लग्नापासून सांगू की नुसतं कालचं?"

"नुसतं कालचं, आई."

"मग राहू दे. कालचं कुणाला दिसतंय."

नवऱ्याने सांगितले, की काल त्याने पॅसेजमधला गेलेला दिवा पाहिला, आज पुन्हा पाहील, अडचण काही नाही. गुंडीने हात वर केला. "काल मी मोठी होते. आज पण आहे. अडचण आई."

परीक्षार्थीने ते कागदावर लिहून घेतले. अडचणींवर वाद घालायचा नसतो, असे पुस्तकाच्या पान बारावरच्या चौकटीत दिलेले होते.

एवढ्यात शेगडीवर दूध वर आले. परीक्षार्थीचा हात आपसूक निघाला. तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"दुधाच्या बाबतीत टीमला काय वाटतं?" तिने विचारले.

टीमला काय वाटत होते ते कळण्याआधी दूध ओट्यावर पसरले. त्या दिवशी तिला सत्तावन्न मार्क पडले.

मग मागे वळून पाहणे नाही. टॉवेल दोरीवर वाळून कडक झाले, मार्क त्रेसष्ट झाले. मोज्यांच्या जोड्या लागेनाशा झाल्या, मार्क एकाहत्तरवर गेले. फ्रिजच्या दारावर 'करायचे', 'चालू' आणि 'झाले' असे तीन रकाने आखून चिठ्ठ्या लावल्या होत्या. दिवा बदलण्याची एक चिठ्ठी फार मोठी वाटली म्हणून तिचे सात तुकडे झाले. त्यातले 'दिव्याच्या जातीबाबत चर्चा' आणि 'शिडीबाबत चर्चा' हे दोन वेळेआधी पूर्ण झाले आणि पॅसेजच्या अंधारात सर्वांनी एकमेकांचे अभिनंदन केले.

वाईट एवढेच झाले, की घर शिकले. कोणते काम आधी आणि कोणते नंतर हे ठरवणारा एक मालक या पद्धतीत असतो, हे कळताच सासूबाईंनी स्टुलावरूनच ते पद स्वीकारले. "एवढी वर्षं मी हेच करत आले," त्या म्हणाल्या, "फक्त त्याला नाव आहे हे कुणी सांगितलं नाही." नवरा तर जन्मतःच प्रमाणित निघाला. भांडी साठली की तो बाह्या सरसावून सिंकपाशी उभा राही आणि अडथळ्याचे स्वरूप समजून घेई.

परीक्षा शनिवारी झाली. एकशेवीस प्रश्नांच्या उत्तरांत तिने एकदाही कशाला हात लावला नाही. निकाल रविवारी सकाळी अकराला येणार होता.

रविवारी अकराला पाच कमी असताना बाथरूममधून हाक आली, "आई, झालं."

आजवर ही हाक ऐकताच परीक्षार्थी हातातले टाकून तिला धुवायला धावत असे. आज ती दारापाशी जाऊन थांबली. नवरा आला. सासूबाई स्टुलासकट आल्या.

"झालं म्हणजे नेमकं काय झालं, हे आधी ठरायला हवं," नवरा म्हणाला. "नाहीतर अर्धवट कामाला झालं म्हटल्यासारखं होईल."

"ते ठरवा नंतर," सासूबाई म्हणाल्या. "आधी माझ्या आंघोळीचं बघा. क्रम मी लावते."

"कुणाकडे आत्ता वेळ आहे?" परीक्षार्थीने हात मागे बांधून विचारले. "कुणी स्वतःहून पुढे येतंय का?"

"आई, झालं," आतून पुन्हा आवाज आला.

तेवढ्यात फोन वाजला. उत्तीर्ण. शंभरात ब्याण्णव, आणि खाली शेरा: टीमला सक्षम करण्यात अपेक्षेपेक्षा सरस. टीम वाचली होती, टायवाले आपल्या विभागात राहणार होते. नवऱ्याने तिला तिथेच घट्ट धरले. सासूबाईंनी डोळे पुसले आणि बहिणीला फोन लावून सांगितले, की आमच्या सुनेला आता काहीच करावं लागणार नाही. बोलता बोलता दहा-बारा मिनिटे गेली असतील.

बाथरूमचे दार उघडले. गुंडी मानेपासून तळव्यांपर्यंत निथळत उभी होती. साबण संपला होता, बादली आडवी होती, पाणी उंबऱ्यावरून पॅसेजमध्ये येत होते.

"केलंस तू? एकटीनं?"

"हो," गुंडी म्हणाली. "दोनदा हाक मारली. मग वाटलं, तुमची मीटिंग असेल."

"बघ," नवरा हरखून म्हणाला, "यालाच म्हणतात स्वतःहून काम उचलणारी टीम."

परीक्षार्थीने गुंडीला उचलून छातीशी धरले. कपडे भिजले ते भिजले. मग तिला टॉवेलात गुंडाळून कडेला बसवले, आत जाऊन कडी लावली, फडके घेतले आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसू लागली. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला हे कळले असते तर प्रमाणपत्र रद्द होण्याची शक्यता होती, म्हणूनच कडी.

कुणी पाहिले नाही. तुम्ही तेवढे पाहिलेत. पहिल्या हाकेपासून पाहताहात आणि अजून बसल्या जागेवरून हललेला नाहीत. अभिनंदन. तुमचे उत्तर बरोबर आहे.