भिंत येईपर्यंत

खात्याचे साहेब तपासणीला आले त्याच दिवशी सकाळी दहा वाजता पनवेलची वीज गेली. शाळेचे चारही कॉम्प्युटर फुलाफुलांच्या कापडाखाली गप्प बसले. मुख्याध्यापिका आशालताबाई लॅबमध्ये डोकावून गेल्या.

"बिवलकर सर, मुलांकडून व्याख्या म्हणून घ्या. तुमच्या कायम होण्याचा शेरा साहेबांच्या हातात आहे, जरा सांभाळा."

कृष्णकांत बिवलकरांचं तात्पुरत्या नेमणुकीचं हे सहावं वर्ष. कायम झाल्याशिवाय विचुंब्याच्या फ्लॅटचं नाव काढायचं नाही, असं बायकोने बजावलं होतं. शहाण्या माणसाने अशा वेळी निमूटपणे व्याख्या म्हणून घेतल्या असत्या. पण सरांना पाठांतराचा मनस्वी तिटकारा. 'संगणक हे इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे' हे पहिल्या नंबराचा आर्यन झोपेतसुद्धा म्हणायचा, आणि त्याच यंत्रापुढे बसवला की माऊस उलटा धरायचा. याला शिकणं म्हणत नाहीत, असं सर स्टाफरूममध्ये दर आठवड्याला सांगायचे आणि तिथे कुणी ऐकायचं नाही.

"आज मीच कॉम्प्युटर," सर मुलांना म्हणाले. "चिठ्ठीवर लिहून द्याल तेच करणार. तोंडी सांगितलेलं चालणार नाही. स्वतःची अक्कल वापरणार नाही, लाजणार नाही, घाबरणार नाही. मला समोरच्या भिंतीपर्यंत न्या बघू."

आर्यनने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'भिंत येईपर्यंत सरळ चाला.'

तसं पाहिलं तर चिठ्ठीत काही वावगं नव्हतं. एरवी धुळीच्या भीतीने लॅबचं दार बंद असायचं. आज पंखे नाहीत म्हणून ते सताड उघडं होतं, आणि नेमकं सरांच्या नाकासमोर. सर चालू लागले. दार आलं, भिंत आलीच नाही. लॅबमध्ये चपला बाहेर काढून यायचं हा नियम त्यांनीच केलेला, त्यामुळे ते अनवाणीच तापल्या मैदानात उतरले. मागोमाग चाळीस मुलं.

"सर, भिंत मागे राहिली," आर्यन म्हणाला.

हे तोंडी होतं, म्हणून सर चालत राहिले. शिपाई जगन खिचडीचं पातेलं घेऊन आडवा आला आणि घाईघाईने बाजूला झाला.

"नवस हाय का काय, सर? अनवाणी चाललाव."

मैदानापलीकडे ऑफिसचं दार उघडं होतं आणि आत साहेब चहा पीत बसलेले सरांना स्वच्छ दिसत होते. थांबावं असं फार वाटलं. पण आत्ता थांबलो, तर कॉम्प्युटर साहेबाला घाबरतो एवढंच मुलं शिकणार. नोकरी गेली तर गेली, असं म्हणण्याइतके काही ते शूर नव्हते. पाय मात्र चालत होते.

सर ऑफिसात शिरले आणि साहेबांच्या टेबलाला धडकले. भिंत टेबलाच्या पलीकडे होती. तेव्हा टेबलावर मांड्या आपटत ते जागच्या जागी पाय उचलू लागले. साहेबांचा चहा तपासणीच्या फॉर्मवर सांडला.

"सर, थांबा," आशालताबाई म्हणाल्या. "अहो, मी सांगतेय. थांबा."

सर थांबले नाहीत.

"यांना काय होतंय?" साहेबांनी विचारलं.

"त्यांना लेखी लागतं," आर्यन दारातूनच म्हणाला.

कोळीवाड्यातली मैना वर्षभर शेवटच्या बाकावर तोंड मिटून बसलेली. ती गर्दीतून पुढे आली, साहेबांच्या फायलीवरचा कोरा कागद उचलला आणि लिहिलं, 'भिंत नाय, पन टेबल आला तरी थांबा.' सरांनी कागद वाचला आणि ते थांबले.

"साहेब," सर धापा टाकत म्हणाले, "मुद्दा असा आहे, की अट नीट घातली नाही तर यंत्र..."

साहेबांचं तिकडे लक्षच नव्हतं. "बाई, तुम्ही तोंडी सांगितलंत ते यांनी ऐकलं नाही?"

"नाही हो साहेब. माफ करा."

"आणि लेखी आल्याबरोबर थांबले?"

"हो."

साहेबांनी ओला फॉर्म झटकला. "अठ्ठावीस वर्षं खात्यात आहे मी. लेखी दिलेलं कुणी वाचतं आणि तसंच करतं, हे आज पहिल्यांदा पाहतोय."

महिन्याभरात ऑर्डर आली. श्री. बिवलकर यांना सेवेत कायम करण्यात येत आहे. पुढील आदेश होईपर्यंत त्यांनी अध्यापन न करता तालुक्याच्या कार्यालयात टपालाचे काम पाहावे.

आशालताबाईंनी पेढे मागवले. "नशीब काढलंत, सर." सरांना हसावं की रडावं कळेना. कायम तर झाले होते, पण वर्ग गेला होता.

ते लॅबमधलं सामान आवरत होते, तेव्हा मैनाने ऑर्डर हातात घेऊन शब्दन् शब्द वाचली.

"सर, पुढला आदेश आलाच नाय तर थांबायचा कवा, ता हिच्यात लिवलाच नाय."

सहा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी कॉम्प्युटर आला होता. त्यांनी उरलेले सगळे पेढे मैनाच्या हातावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी बरोबर दहा वाजता ते टपालाच्या टेबलावर हजर झाले. ऑर्डर लेखी होती.