कुरळ्या केसांना आंबेमोहोराची पेज

हैबतरावांचा हात माझ्या टोपीवर होता आणि टोपी निघत नव्हती. ओसरीवरचे सारे माझ्या डोक्याकडे पाहत होते. आतल्या दाराशी उभी असलेली त्यांची मुलगी जया, जिला पाहायला मी आलो होतो, तीही तिकडेच पाहत होती. त्या भयाण क्षणीही मला एका गोष्टीची पक्की खात्री होती: माझे शास्त्र चुकलेले नव्हते!

हे शास्त्र मी स्वतः उभारले होते. मी बी.ए., पौडच्या कचेरीत कारकून, भाड्याच्या खोलीत एकटा. संध्याकाळी सोबतीला आरसा, आणि आरशात माझ्या जन्मजात कुरळ्या केसांचे रान. खोबरेल लावले की तेलाच्या भाराने वळणे उलगडत आणि केस भिजल्या कावळ्यासारखे कपाळाला चिकटत. साबण लावला की त्यातल्या सोड्याने प्रत्येक केस फुगून स्वतंत्र राष्ट्र होई! म्हणजे वळणाला भार नको, आधार हवा. जवस उकळून त्याचा बुळबुळीत रस लावावा, असे ठरवून मी घरमालकीण चंद्राबाईंकडे गेलो.

"जवस न्हाई," त्या म्हणाल्या. "आंबेमव्हराची पेज हाय. प्यायची का?"

"लावायची आहे. डोक्याला."

"तापबिप आलाय का तुमाला?"

एका बटेवर चमचाभर पेज लावून पाहिली. बट अशी वळली, जणू रात्रभर अडलेली कवितेची ओळ पहाटे आपोआप पुरी व्हावी! मग काय, रविवारी मुलगी पाहायला कासारसाईला निघताना वाटीभर थापली. बोडक्या डोक्याने मुलीच्या दारात जाणे अशुभ, म्हणून ओल्या केसांवरच टोपी चढवली. चैत्राच्या उन्हात तीन तास चाललो. पेजेची खळ झाली आणि टोपी, केस, कातडी यांचे अद्वैत घडले.

सोबत वडीलधारे कोणी नव्हते. मला कोणी नाहीच. कचेरीतला शिपाई कोंडाजी तेवढा मध्यस्थ. तरीही सारे जमत आले होते. हैबतराव खूश झाले आणि त्यांनी माझ्यासाठी मानाचे उपरणे व नवी टोपी आणवली. नवी घालायची, तर जुनी काढायला हवी! मी ती दोन्ही हातांनी गच्च धरली.

"असू द्या. हिच्यावरच घाला."

"टोपीवर टोपी? भाऊसाहेब, डोस्क्याला काय झालंय?"

"चाई पडली आसंल," कोंडाजी कुजबुजला. हा माझ्या बाजूचा!

"टक्कल दडवताय व्हय?" म्हणत हैबतरावांनी टोपीला हात घातला, ओढली, पण ती जागची हलेना.

"पेज लावली आहे," मी अखेर म्हणालो. "कुरळेपणा टिकावा म्हणून."

"आमी पेज पोटाला घेतो," हैबतराव म्हणाले, "आन् ह्यो डोस्क्याला पाजतोय! जया, ऊन पाणी आण गं!"

जयाने तांब्याने पाणी ओतले. खळीची पुन्हा पेज झाली. नाकावरून, मिशांवरून, कॉलरमध्ये वाहू लागली. ओसरीभर आंबेमोहोराचा घमघमाट! टोपी सोडवताना तिचा अंगठा माझ्या कपाळाला लागला. कित्येक वर्षांत तिथवर कोणाचा हात पोहोचला नव्हता. टोपी सुटली आणि माझे केस, सारे शास्त्र विसरून, मनास येईल तसे वळले. ती क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली.

"पोरी, तूच सांग आता," हैबतराव म्हणाले. "व्हय का न्हाई?"

मला तिला एवढेच सांगायचे होते, की संध्याकाळी मी एकटा जेवतो. वाटभर ते वाक्य घोकले होते. ओठ उघडले, आणि बाहेर पडले ते असे:

"पेजेत मीठ असल्यास वळण अधिक टिकेल, असे आपल्याला वाटते का?"

तिने टोपी पिळली, माझ्या गुडघ्यावर ठेवली आणि आम्हां दोघांपैकी कोणालाच उत्तर न देता रिकामा तांब्या घेऊन आत निघून गेली.