रडण्याचं पाचवं कारण

मूल सांभाळणं हा मुळात वेळापत्रकाचा प्रश्न आहे, असं श्रीपाद मास्तरांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी स्वतःला मूल होण्याच्या दोन वर्षं आधीपासून बाळगलं होतं, म्हणून तर ते इतकं ठाम राहिलं. जामसंड्याच्या शाळेत ते शास्त्र शिकवत. महिला मंडळाने एकदा त्यांना ‘नव्या आईबापांसाठी चार गोष्टी’ सांगायला बोलावलं, तर मास्तरांनी त्या चार गोष्टींना दोन तास घेतले. "बाळ चार कारणांनी रडतं. भूक, ओलं दुपटं, पोटातला वारा आणि झोप. पाचवं कारण जगात नाही. दृष्ट वगैरे आपल्या डोक्यात असते, बाळाच्या नाही." बायकांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि घरी जाऊन आपापल्या पोरांची दृष्ट काढली.

पुढे मास्तरांना मुलगा झाला. घरात सगळे त्याला बाबू म्हणत. बाबूसाठी मास्तरांनी काजळ बंद केलं, मीठ-मिरची ओवाळणं बंद केलं, आणि रडण्याच्या चार कारणांचा तक्ता पाळण्यावर टांगला. ही बातमी मसुऱ्याला सासूबाईंच्या कानावर जायला वेळ लागला नाही. सुभद्राबाईंचं पत्र आलं: "गुरुवारी दुपारच्या गाडीने येते. पोर नीट दिसलं नाही तर त्याला आणि नीरजाला घेऊन जाईन ती शिमग्यापर्यंत."

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांची बायको नीरजा माहेरी बाळंतपणाला गेली तेव्हा सहा महिने त्यांनी एकट्याने पेज खाऊन काढले होते. आता तर बाबू शेजारी हुंकारल्याशिवाय त्यांना झोपही लागत नसे. पण हे कबूल करतील तर ते मास्तर कसले?

नेमकी त्याच गुरुवारी नीरजाची कणकवलीला टायपिंगची परीक्षा होती.

"शेजारच्या हौसाबाईंका बोलवून ठेवू काय?" निघताना तिने विचारलं.

"कित्याक? माझो तक्तो आसा. तुझ्या आयेक बघू दे, बापाच्या हातात पोर कसा रवता ता."

मास्तरांनी रजा काढली होती. नीरजा सातच्या एस.टी.ने गेली. नऊपर्यंत सगळं तक्त्याबरहुकूम चाललं, आणि सव्वानऊला बाबू रडायला लागला.

मास्तरांनी वाटी-चमच्याने नाचणीची खीर दिली. बाबूने ती मास्तरांच्या सदऱ्यावर परत केली. दुपटं बदललं, तर नवं दुपटं तिथल्या तिथे भिजलं. खांद्यावर घेऊन पाठ थोपटली. वारा निघाला, रडणं राहिलं. पाळण्यात घातलं, तर बाबू तक्त्याकडे बघून दुप्पट रडला. चारही कारणं दोनदा फिरवून झाली. ताप नाही, पोट मऊ, कान दुखत नाही. साडेअकराला मास्तर आणि बाबू यांच्यापैकी कोणाचा चेहरा जास्त रडवेला हे सांगणं कठीण होतं.

दगडी कुंपणाच्या गडग्यापलीकडून हौसाबाईंनी मान वर काढली. "मास्तरानू, दिष्ट लागली ती. मिरच्ये ओवाळतंय."

"माझ्या घरात नाय," मास्तर म्हणाले.

"मगे गाऱ्हाणा तरी घाला."

आता मात्र मास्तर चिडले. पोराला कडेवर घेऊन ते घरापुढच्या खळ्यात उभे राहिले आणि देवळात देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकऱ्याची नक्कल करत ओरडले, "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वेशीच्या म्हाराजा! हो माझो झिल सकाळपासून रडता, तेका गप कर आणि ह्या शास्त्राच्या मास्तराक बुद्धी दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आभाळातून आवाज आला.

माडावर नारळ पाडायला लवू चढला होता. गाऱ्हाणं कानावर पडलं की त्याला व्हय म्हणायचं, एवढंच त्याच्या जिभेला ठाऊक. मास्तर टिंगल करतायत हे त्या जिभेला कोण सांगणार? पण बाबू थांबला. त्याने वर बघितलं, बोळकं पसरलं आणि हसला. मग अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू झाला.

मास्तर शेवटी शास्त्राचे. त्यांनी प्रयोग तीनदा केला. गाऱ्हाणं घातलं आणि लवूने व्हय म्हटलं की बाबू हसे. स्वतःच गाऱ्हाणं घालून स्वतःच व्हय म्हटलं, तर तो बापाकडे अशा नजरेने बघे की मास्तरांना चोरी पकडल्यासारखं वाटे. गाऱ्हाण्याला व्हय दुसऱ्याचाच लागतो, हे त्या सात महिन्यांच्या पोराला कळत होतं.

"लवू, खाली उतरू नको हां."

"मास्तरानू, माका आजून पाच माड आसत."

मग मास्तर हौसाबाईंकडे वळले. त्या खळ्यात आल्या खऱ्या, पण अट घालून. "रिकाम्या गाऱ्हाण्याक मी व्हय म्हणूचंय नाय. देवाकडे काय तरी खरा मागा."

मास्तरांनी मागायला सुरुवात केली. आंब्याचा मोहर टिकू दे. हौसाबाईंची गाय वेळेवर विऊ दे. लवूचा गुडघा बरा होऊ दे. तेव्हा लवू स्वतःहून खाली उतरून जवळ येऊन बसला. हेडमास्तरांना बरी बुद्धी दे, नीरजाची बोटं मशीनवर सरळ पडू देत. प्रत्येक मागणीला दोन आवाजांत व्हय, आणि बाबू खूश. दोन वाजेपर्यंत मास्तरांनी तालुक्यातलं मागण्यासारखं सगळं मागून संपवलं. घसा बसला. मग उरलं ते एकच, पोटातलं.

"बा देवा म्हाराजा," रस्त्याकडे पाठ करून मास्तर हळूच म्हणाले, "माझ्या बायलेक आणि पोराक मसुऱ्याक कोणी न्हेव नये. माका ह्या घरात एकट्याक करमत नाय. रात्रीचो उठान मी रिकामो पाळणो हलवी. सासूबाईंका ह्या कळू दे, रे म्हाराजा."

कोणीच व्हय म्हटलं नाही.

मास्तरांनी वळून बघितलं. खळ्याच्या पायरीवर पिशवी घेऊन सुभद्राबाई उभ्या होत्या. हौसाबाई पदराशी चाळा करत होत्या, लवू माडाचे नारळ मोजत होता. आणि व्हय आला नाही म्हणून बाबूचा ओठ बाहेर आला. पुढच्या क्षणी त्याने सूर लावला.

"आणा हयसर," सुभद्राबाई म्हणाल्या. "पोरा वाढवली आसत मी पाच."

त्यांनी नातवाला मांडीवर उताणं घेतलं, पालथं घेतलं, बांगड्या वाजवल्या, कावळा दाखवला, अंगाई म्हटली. बाबूचा आवाज गडग्याबाहेर रस्त्यापर्यंत गेला. सुभद्राबाईंना घाम फुटला. मास्तरांनी खरं तर यावेळी सुखावायला हवं होतं, पण त्यांचाही जीव कासावीस झाला होता.

"तेका ‘व्हय’ व्हयो आसा," हौसाबाई पुटपुटल्या. "गाऱ्हाणा तुमच्यासाठी होता, ‘व्हय’ तुमीच म्हणूक व्हया."

सुभद्राबाईंनी जावयाकडे बघितलं, नातवाकडे बघितलं. मग अगदी बारीक आवाजात त्या म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

बाबू हसला आणि त्यांच्या नाकाला हात लावला.

संध्याकाळी नीरजा आली तेव्हा आई ओटीवर नातवाला घेऊन बसली होती आणि नवरा इतका आनंदात होता की तिला काळजी वाटली.

"चेडवा, मी तुका न्हेवचंय नाय," सुभद्राबाईंनी सांगितलं. "देवासमोर बोललंय, आता फिरूक येवचा नाय."

मास्तरांनी तक्ता उतरवून पाचवं कारण लिहायला पेन्सिलही शोधली.

"पण जावयबापू शाळेत गेले की ह्या पोराक व्हय म्हणूक घरात दुसरा माणूस नको? लवू काय रोज माडार चढूचो नाय." सुभद्राबाईंनी बाबूला मांडीवर उभं केलं आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, शिमग्यापर्यंत मी हयसरच रवतलंय, माझी ट्रंक फाल्या सकाळच्या गाडीन येतली, जावयाक ता गोड लागू दे, रे म्हाराजा."

बाबूने मान वळवून बापाकडे बघितलं. त्याचा खालचा ओठ हळूहळू बाहेर येऊ लागला.

"व्हय म्हाराजा," मास्तर म्हणाले.