मायचं गाणं उघडेना

कॉम्प्युटर बिघडला की लोक घाबरतात. अमृतभाऊ नाही! जळगावला एका शिक्षणसंस्थेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये त्यांची नोकरीची सारी वर्षं गेली होती. "यंत्राची नाडी मला बोटांना लागते," असं ते म्हणत. पारोळ्याजवळच्या त्यांच्या गावात लोक ते खरंही मानत, कारण अमृतभाऊ गावी पाहुण्यासारखे यायचे आणि काही बिघडायच्या आत परत जायचे.

या श्रावणात मात्र ते वहिनीला शब्द देऊन आले होते.

त्यांची आई भिकुबाई जाऊन वर्ष उलटलं होतं. ती होती तोवर घरात कानबाई बसली की गाण्याचा मान तिचा. नारळाची देवी दागिने घालून पाटावर बसायची, भाऊबंदकीतल्या बायका समोर बसायच्या, भिकुबाई पुढं म्हणायची आणि बाकीच्या मागून. गेल्या वर्षी दुःख होतं म्हणून कानबाई बसलीच नाही. यंदा बसणार होती, आणि पहिली ओळ आता मोठ्या सुनेला, ताईबाईला म्हणायची होती.

ताईबाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मागून म्हणणारीला पुढचं कुठं ठाऊक असतं? हळदीच्या कडव्यानंतर बांगड्या, की आधी नथ? नथीनंतर सासरची वाट येते, की माहेरची? चुकलं तर तिला कोणी काही म्हणणार नव्हतं. पण सासूनं सुनेला काही शिकवलं नाही, असं लोक म्हणाले असते, आणि ते तिला सोसणार नव्हतं.

"घोर लावून घेऊ नका वहिनी!" अमृतभाऊंनी जळगावहून फोनवर सांगितलं होतं. "शेवटच्या कानबाईला मी मोबाईलवर मायचा व्हिडिओ काढला होता. आपल्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवलाय. केवढी मोठी फाईल आहे, अख्खं गाणं असणार! मी येतो, बटण दाबतो, माय गाते. तुम्ही नुसतं मागून म्हणा!"

तो व्हिडिओ त्यांनी स्वतः कधी उघडून पाहिला नव्हता. जपून ठेवलेली वस्तू कोण रोज उघडतं?

रविवारी दुपारी त्यांनी माजघरातल्या कॉम्प्युटरवरचं भरतकामाचं झाकण काढलं. नैवेद्याच्या रोटाचं पीठ मळता मळता ताईबाई तशाच हातांनी दारात येऊन उभी राहिली. अमृतभाऊंनी फाईलवर दोनदा टिचकी मारली. प्लेअर उघडला, गोल फिरलं, खिडकी मिटली! पडद्यावर पाटी आली, प्लेअरनं काम करणं थांबवलं आहे.

"काय व्हयनं?" ताईबाईनं विचारलं.

"दमलाय. जुना आहे ना!"

त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा पाटी. जागा कमी पडत असेल म्हणून त्यांनी दिसेल ते पुसायला घेतलं. पुतण्याच्या लग्नाचे फोटो निघाले तशी ताईबाई ओरडली, मग ते कचऱ्याच्या डब्यातून परत काढण्यात बराच वेळ गेला. मग मोबाईलचं इंटरनेट जोडून नवा प्लेअर उतरवला. त्याच्यासोबत न बोलावता एक सफाईवाला प्रोग्रामही आला आणि कॉम्प्युटरमध्ये धोके सापडल्याचं लाल अक्षरांत ओरडू लागला. गाणं सोडून सगळं चालू झालं!

"भाऊ, पारोळाले तो रोनक शे ना, कॉम्प्युटरना दुकानवाला? त्याले बोलावा ना."

अमृतभाऊंचा हात थांबला. रोनक! त्यांच्याच लॅबमध्ये शिकलेला! विद्यार्थ्याला विचारायचं? त्यांना दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी कानबाईला पुढं केलं.

"वहिनी, आज घरात रोट आहे. रोट भाऊबंदकीनंच खायचा. परका माणूस आज नको!"

ओट्यावर बसलेल्या हिलाल आबांनी मान डोलावली. ते भाऊबंदकीत सगळ्यात वडील. पण आबांनी मान डोलावली की ते तेवढ्यावर थांबत नसत.

"मंग बराबरच शे! कानबाईनं गानं माजघरमझार कसं चाली? तिन्हासमोर म्हननं पडस. म्हनीसन बंद पडस ते!"

आता नाही कसं म्हणणार? रोटाचा नियम स्वतःच काढलेला! कॉम्प्युटर वायरींसकट देवीच्या खोलीत गेला. शेजारून लांब वायर आणली. पडदा चौरंगावर बसला, खालच्या डब्याला कोणीतरी हळद-कुंकू लावलं, आणि सांजेला बायका येऊ लागल्या तशा कानबाईच्या पाया पडून कॉम्प्युटरच्याही पडू लागल्या.

सगळ्या बसल्या. अमृतभाऊंनी कपाळाचा घाम पुसून टिचकी मारली.

उघडलं! भिकुबाई पडद्यावर आली. तोच डोक्यावरचा पदर, तोच कपाळावरचा हिरवा गोंदणाचा ठिपका. तिनं तोंड उघडलं, "अरे अमृ..." आणि खिडकी मिटली.

"दिसली! दिसली!" एकच गलका झाला. अमृतभाऊंना जोर चढला. पुन्हा टिचकी. "अरे अमृ..." पुन्हा. "अरे अमृ..." मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. अमृतभाऊ थांबेनात. आई येत होती आणि जात होती, येत होती आणि जात होती.

"पुरे करा भाऊ!" ताईबाईचा आवाज फुटला. "माय एक खेप गयी ना? आखो कितला खेपा मारशात तिले?"

अमृतभाऊंनी माऊस सोडला. इतका वेळ ते कॉम्प्युटरशी झगडत होते. समोर आपली आई आहे, हे त्यांना आता कुठं जाणवलं.

"फोन करा," ताईबाई हळू बोलली. "रोट खावाले परका नको. फोनवर बोलाले कोन ना म्हनस?"

अमृतभाऊ परसात गेले.

"सर! तुम्ही?" रोनकनं सगळं ऐकून घेतलं. "फाईल चांगली आहे सर. व्हिडिओचं ओझं प्लेअर ग्राफिक कार्डावर टाकतो आणि जुन्या कार्डाला ते झेपत नाही. सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशनची खूण असेल, ती काढा. हे तुम्हीच शिकवलं होतं सर."

अमृतभाऊंना काही आठवेना, पण ते "हो, हो" म्हणाले.

खूण काढली. टिचकी मारली. खिडकी मिटली नाही.

"अरे अमृत, हाई यंत्र ठेव खाले," भिकुबाई पडद्यावरून बोलली. "यंत्रले गानं शिकाडीसन मी काय करू? ताईबाईले बोलाव."

पडदा हलला, छत दिसलं, मग गोधडीची फुलं, मग काळोख. मोबाईल गोधडीखाली गेला होता. अमृतभाऊंनी दोन वर्षं जपला होता तो काळोख! त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पण आवाज येत होता. बांगड्या वाजल्या. भिकुबाईनं पहिली ओळ म्हटली, मागून दुसरा आवाज आला, ताईबाईचा. हळद झाली, बांगड्या झाल्या. नथीपाशी भिकुबाई गप्प झाली. दुसरा आवाज मात्र थांबला नाही. नथ झाली, माहेरची वाट झाली, मग सासरची. गाणं संपेपर्यंत तो एकटा जात राहिला.

"देख, मी कवयनी गप शे," काळोखातून भिकुबाई बोलली. "बठ्ठं गानं येस तुले."

ताईबाईनं पदर डोळ्यांना लावला. माय तेव्हा तसं बोलली तरी आपण मागूनच म्हणतोय, असंच तिनं धरलं होतं. पण माय कधीचीच गप्प होती, पुढं कोणी नव्हतंच. सासरची वाट तिनं एकटीनंच पार केली होती.

पडद्यावरच्या काळोखात कुणाची तरी पावलं वाजली, आणि भिकुबाईचा आवाज पुन्हा आला.

"अमृत, तुन्हं यंत्र बंद शे ना रे?"

"कवयंच बंद करं, माय!" कॉम्प्युटरमधून अमृतभाऊंचाच तेव्हाचा ठणठणीत आवाज खोलीभर घुमला. "माले काय यंत्र समजत नही का!"

आधी हिलाल आबा हसले. मग सगळी भाऊबंदकी. ताईबाई तर रडता रडता हसत होती. मग तिनं डोळे पुसले, कानबाईकडे तोंड केलं आणि पहिली ओळ स्वतः उचलली. कॉम्प्युटरकडे कोणी पाहीना.

पडद्यावर सफाईवाला पुन्हा लाल होऊन ओरडू लागला. तो बंद करायला अमृतभाऊंनी माऊसकडे हात नेला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तो मागं घेतला आणि मांडीखाली दाबून बसले.