तक्रार नसलेल्यांचे शिबिर

ज्याला काहीही झालेले नाही अशा माणसाला तपासणे, हे वैद्यकशास्त्रातले सर्वांत उदात्त काम आहे. आजारी माणसाला काय, कुणीही तपासतो. तिथे इलाजच नसतो.

या कामासाठी सरकारचा एक कार्यक्रम आहे, पण तो फारच नीरस. ठरावीक वयाच्या बाईला एकटीला बोलावतात, दार लावून घेतात, यंत्रावर छातीचा फोटो काढतात, तो दोन डॉक्टर बघतात आणि शंका आली तर तिला पुन्हा बोलावतात. एवढ्या सगळ्यात एकही भाषण होत नाही. (पाहुण्यांना बसायला खुर्चीसुद्धा नसते.) म्हणून समाजातल्या धडपड्या मंडळींना पुढे यावे लागते.

आई ज्या शर्टांच्या कारखान्यात होती, तिथे मालक पुढे आले. आईचे टेबल अगदी शेवटचे. शिवून आलेला प्रत्येक शर्ट उलटा करायचा, शिवणीवरून बोट फिरवायचे, मगच पास करायचा. मालकांनी कर्करोग तपासणीची गाडी मागवली. मोठी, पांढरी, आत यंत्र, मागे ते चालवणारा जनरेटर. मी आईचा विसरलेला डबा द्यायला गेले होते, म्हणून हा सोहळा मला पाहायला मिळाला.

फीत कापली गेली. मालक माईकवर बोलायला उभे राहिले आणि जनरेटरच्या घरघरीत त्यांचा शब्द ऐकू येईना. तेव्हा जनरेटर बंद करण्यात आला. (भाषणाचा विषय 'वेळेवर निदान' हा असल्यामुळे ते नीट ऐकू येणे गरजेचे होते.) भाषण संपेपर्यंत गाडीची वेळ संपली. तिला दुसरीकडे फीत कापून घ्यायला जायचे होते.

आता बायका तपासणीविना परत गेल्या, तर ते शिबिर कसले? व्यवस्थापकांनी तोडगा काढला. रांग लावली आणि मागच्यांनाही ऐकू जावे म्हणून माईकवरून एकेकीला विचारायला सुरुवात केली.

"काही त्रास?"

"माझ्या डोक्यावरचा पंखा फिरत नाही," बटणे लावणारी म्हणाली.

"अहो बाई, छातीत गाठबिठ काही?"

सगळा कारखाना हसला. कापड कापणारे पुरुष जरा जास्तच. ती लाल होऊन म्हणाली, "इश्श, नाही हो!"

मग आई. तिने डब्याची पिशवी छातीशी धरली होती.

"काही त्रास?"

"नाही."

"छान. पुढे."

पुढे एक गुलाबी बिल्ला मिळत होता: 'मी तपासणी केली. तुम्ही?' आईने तो डाव्या बाजूला, नेमका गाठीवर लावला. गाठ तिला उन्हाळ्यापासून ठाऊक होती; मला ती फार नंतर कळली.

शिबिर शंभर टक्के यशस्वी झाले. एकही रुग्ण आढळला नाही. शेजारच्या कारखान्यात पाहुणे आलेच नाहीत, त्यामुळे जनरेटर चालू राहिला आणि तीन बायकांना पुढच्या तपासण्यांसाठी पाठवावे लागले. त्या मालकांची फार नाचक्की झाली.

थोड्याच दिवसांत सरकारी केंद्रातून आईला बोलावणे आले.

"झाली की माझी," आई म्हणाली. "बिल्ला बघ."

"अगं, तुला कुणी हात तरी लावला का?"

"चारचौघांत माईकवर नाही म्हणून आलेय मी. आता तिथे जाऊन काय सांगू? माझा नंबर दुसऱ्या एखादीला मिळेल, तिची सोय होईल."

शर्टाला 'काही त्रास?' असे विचारून आईने तो जन्मात कधी पास केला नव्हता. पण माणूस म्हणजे काही शर्ट नव्हे. माणसाला बोलता येते, त्यामुळे त्याची तपासणी फार सोपी पडते.

आई गेली, त्या वर्षी शिबिराला तिचे नाव देण्यात आले. फीत कापायला मला बोलावले.

"ताई, आईंनी पहिल्याच शिबिरात तपासून घेतलं होतं," व्यवस्थापक भारावून म्हणाले. "केवढा आदर्श!"

जनरेटर बंद होता, त्यामुळे सगळे स्पष्ट ऐकू आले. टाळ्याही.

जे हजर राहू शकले नाहीत, त्यांनाही लाभ मिळावा अशी संयोजकांची इच्छा आहे. तेव्हा तुम्हालाही विचारून घेते. इथे माईक नाही, मागे रांग नाही, हसणारे कुणी नाही. तुमचा हात आत्ता कुठे गेला, ते मी पाहिलेले नाही.

काही त्रास?

छान. पुढे.