शालिकभाऊंची वेळ

मयताच्या घरी घड्याळ दाखवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. घरातली माणसं रडत होती आणि आमचे शेजारी शालिकभाऊ तिरडीपाशी उभं राहून सांगत होते, "दहाची वेळ देल्ली होती. सव्वादहा होऊन राह्यले. रडनं रस्त्यानं करा!"

मी हादरलोच.

शालिकभाऊ नागभीडच्या छोट्या लाइनीवर, म्हणजे नॅरोगेज रेल्वेवर, गार्ड होते. ती गाडी म्हणजे सगळा घरचा कारभार. पुढच्या डब्यातून उतरून लोक बोरं तोडायचे आणि मागच्या डब्यात चढायचे. डोक्यावर टोपलं घेऊन एखादी बाई धावत येताना दिसली, की बाकीचे गार्ड गाडी थांबवायचे. शालिकभाऊ नाही. "वेळ म्हंजे वेळ!" की हलवली झेंडी.

पुढे लाइन बंद झाली, मोठ्या लाइनीसाठी रूळ उखडले, पण यांची खोड काही गेली नाही. एकदा मी चहाला चार मिनिटं उशिरा पोचलो, तर माझा कप उपडा घातलेला.

"गाडी गेली, गुर्जी."

पूर्वी यशोदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला गुपचूप चहा दिला असता. हल्ली त्यांना काही आठवत नाही.

गेल्या आठवड्यात भर दुपारी छोट्या लाइनीच्या जुन्या हाल्टवरून येत होतो. तिथं आता नुसती खडी उरली आहे. त्या खडीतून यशोदाबाई पिशवी घेऊन अनवाणी धावत होत्या. "बाबा वाट पाहून राह्यला, गाडी सुटन!" मागे शालिकभाऊ, हातात बाईंच्या चपला.

"भाऊ, हे काय?" मी ओरडलोच.

"रोज येते," ते म्हणाले. "तिचा बाप मरनाच्या दारी होता तवा अशीच धावत आली होती इथी. मले दिसली. वीस पावलं राह्यली असन. पन वेळ झाली होती, गुर्जी. मी गाडी सोडली. बाप तिले भेटलाच नाई."

मला राग आला, भयंकर. स्वतःच्या बायकोला?

तोवर ते पुढे गेले होते. खडीत गुडघे टेकून यशोदाबाईंच्या पायांत चपला घालत होते.

"धावू नको वं," ते म्हणाले. "गाडी थांबून हाये. तू चढल्याबिगर मी सोडत नाई."