मागून आलेला शब्द

घरातली कोणतीही जबाबदारी माझ्या हाती आली की तिची वासलात लागत नाही, व्यवस्था लागते, असा माझा लौकिक आहे. तो मीच पसरवला आहे, ही गोष्ट वेगळी.

त्यामुळे भांडी विसळता विसळता आई जेव्हा म्हणाली, "मला हल्ली काही आठवत नाही रे," तेव्हा मी हादरलो, पण डगमगलो नाही. पुरावे माझ्याकडे होतेच. चहात मीठ पडत होतं. घराची किल्ली फ्रिजमध्ये, लोण्याला टेकून झोपलेली सापडली होती. दर वेळी आई मान खाली घालून म्हणायची, "माझ्याच हातून झालं असेल." मी स्मृती तपासणाऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली. आईने एकच अट घातली, "हे बरोबर येणार असतील तरच येते."

अडचण तीच होती. आई तरुणपणी रंगभूमीवर नायिका होती आणि बाबा त्याच मंडळीत प्रॉम्प्टर. विंगेतल्या अंधारात संहिता धरून त्यांनी उभा जन्म काढला. नट अडला की बाबांचं वाक्य पहिल्या रांगेला वळसा घालून थेट त्याच्या कानात जाऊन बसायचं. बाबांचे ओठ मात्र भिंतीसारखे स्थिर.

"बाबा, आत एक अक्षर बोलायचं नाही," मी बजावलं.

"मी कशाला बोलू? मला कोणी संवाद दिलाय का?"

डॉक्टर मध्यमवयीन होत्या. दूरवरचे ढग पाहून पावसाबद्दल बोलावं, तशा शांतपणे त्या म्हणाल्या, "विसरायला होतं म्हणून येणाऱ्या सगळ्यांनाच स्मृतिभ्रंश होतो असं नाही. पुढे कुणाला त्याचा धोका जास्त आहे, एवढा अंदाज आम्ही बांधतो." मी चहा-मीठ-किल्ली हा सगळा इतिहास खणखणीत आवाजात मांडला. आई हातातल्या रुमालाच्या घड्या मोजत राहिली.

डॉक्टरांनी तिला पाच शब्द दिले: खिडकी, मीठ, चादर, शिडी, नदी. मग घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मघाचे शब्द सांगता?"

"खिडकी," आई म्हणाली. "मीठ." मग ती थांबली. एकेकाळी अशाच एका विरामाने तिने भरलेलं नाट्यगृह श्वास रोखून बसवलं होतं. "मशाल. राजमुद्रा. विष."

डॉक्टरांचं पेन थांबलं. मी मागे वळलो. आईच्या खुर्चीमागे बाबा बसले होते, कोसळता प्रयोग सावरल्याचं समाधान चेहऱ्यावर घेऊन.

"बाबा, तुम्ही बोललात!"

"अडली होती ती."

"पण हे शब्द नव्हते."

"तिसऱ्या अंकात हेच आहेत," बाबा म्हणाले. त्यांच्या स्वरात शंकेचा कणही नव्हता.

डॉक्टरांनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. दार लागताच आईने पाचही शब्द ओळीने सांगितले, आणि मग मौजेने उलटेही.

"मग मघाशी काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मागून आलेला शब्द घ्यायचा असतो," आई म्हणाली. "नाही घेतला, तर देणारा तिकडे अंधारात एकटा पडतो."

तिने बंद दाराकडे एकदा पाहिलं. मग आई खालच्या आवाजात म्हणाली, "तक्रार माझ्या नावावर आहे, पण ती माझी नाही. स्वतःसाठी ते आले नसते. माझ्यासाठी आले."

चहा सकाळी बाबा करतात. किल्ली बाबांच्या खिशात असते. हे मला आजवर का सुचलं नाही, ते कृपा करून विचारू नका.

बाबांना आत बोलावलं. आता ते पुढच्या खुर्चीत आणि आई मागे. डॉक्टरांनी नवे शब्द दिले: पूल, साबण, चिमणी, दोरी, पेटी. आईकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. घड्याळ झालं, वजाबाक्या झाल्या.

"पूल," बाबा म्हणाले. "साबण."

आणि ते थांबले. हा विराम नव्हता. रंगमंचावरचे दिवे एकाएकी गेले की जसा अंधार पडतो, तसं काहीतरी होतं. त्यांनी मान किंचित तिरकी केली, कान देऊन. आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द पुरवणारा तो माणूस मागून काही येईल म्हणून वाट पाहत होता. आईने ओठ घट्ट मिटले होते. तिचे डोळे भरले.

"शिडी," कोणीतरी पुटपुटलं.

"शिडी," बाबा ठामपणे म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "शिडी मघाच्या यादीतली," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

बाहेरच्या बाकावर मी बराच वेळ बसलो. शेवटी डॉक्टरांनी दारात येऊन सांगितलं, "धोका बराच आहे. खात्री आज देता येणार नाही, अजून तपासण्या करू. पण वेळेत आलात." श्रेय कुणाचं, हे त्यांना माहीत होतं. त्या आईकडे पाहत होत्या.

जिना उतरताना बाबा माझ्या कानाशी आले. "शिडी नव्हती ना?"

"नव्हती."

"मला ठाऊक होतं. पण तू दिलीस, मग घ्यायला नको?"

"मग खरा शब्द कोणता होता?"

बाबा पायरीवर थबकले. आई त्यांच्या मागेच होती, कठडा धरून, समोर पाहत.

"चिमणी," बाबा म्हणाले.

आईचे ओठ हलले नव्हते, अशी माझी साक्ष आहे. अर्थात, माझी साक्ष आता घरात कोणी ग्राह्य धरत नाही.